कामाचा फोन कीं करमणुकीचा?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं पुष्कळशा घरांत एका वस्तूविषयीं वाद उपस्थित होतो. मुलाला किंवा मुलीला आतां महाविद्यालयांत जावयाचें असतें, प्रसंगीं गांवहि सोडावयाचें असतें. तेव्हां फोन घेऊन दिला पाहिजे, येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें. परंतु कोणता? वडिलांचें म्हणणें, बोलतां यावें, निरोप पाठवितां यावा, बॅटरी दोन दिवस टिकावी, एवढें पुरे. चिरंजीवांची दृष्टि मोठ्या कांचेच्या पडद्यावर व पाठीमागच्या तीन-चार कॅमेऱ्यांवर खिळलेली. वडील त्याला ‘खेळणें’ म्हणतात, चिरंजीव वडिलांच्या फोनला ‘डबा’ म्हणतात, आणि शेवटीं आई दोघांसहि जेवावयास बोलाविते.

हा वाद दिसतो तितका नवा नाहीं. २००८ च्या सुमारास तो दुकानाच्या फळीवर प्रत्यक्ष मांडून ठेविलेला होता. कामाचा फोन निराळा, करमणुकीचा निराळा. दोहोंची घडण निराळी, आणि पाहतांक्षणीं कोणता कोणता हें ओळखूं यावें. पुढें त्यांपैकीं एकानें दुसऱ्यास गिळून टाकिलें. तें कसें घडलें, आणि त्यामुळें फोन निवडणाराच्या माथीं कोणतें नवें काम आलें, हें समजून घेतलें म्हणजे आजच्या खरेदींतील पुष्कळसा गोंधळ दूर होतो, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कामाच्या फोनची हकीकत सांगतों. कॅनडा देशांतील वॉटर्लू या गांवीं १९८४ सालीं माइक लाझारिडिस व डग्लस फ्रेगिन या दोघां तरुणांनीं ‘रिसर्च इन मोशन’ नांवाची कंपनी काढिली. तिनें १९९९ सालीं ‘ब्लॅकबेरी ८५०’ हें यंत्र विक्रीस आणिलें. खरें म्हटलें तर तो फोन नव्हताच. त्यावर बोलतां येत नसे. खिशांत मावेल एवढी डबी, वर थोड्या ओळी मावतील असा चिमुकला पडदा, खालीं आंगठ्यांनीं दाबावयाचीं इवलींशीं बटणें, आणि पोटांत भिंतीवरील घड्याळांत घालतात तसला एक साधा पेन्सिल सेल. एवढ्या सामग्रीवर तें यंत्र मालकाचें ई-मेल त्याच्या खिशांत आणून देत असे. बोलण्याची सोय २००२ च्या नमुन्यांत आली.

त्याची खरी करामत बटणांत नव्हती, पत्र पोंचविण्याच्या रीतींत होती. त्यापूर्वीं ई-मेल पाहणें म्हणजे टपालकचेरींत जाऊन ‘माझें कांहीं आलें आहे काय?’ असें वारंवार विचारण्यासारखें होतें. ब्लॅकबेरीच्या व्यवस्थेंत पत्र येतांच तें मध्यवर्ती संगणकांतून फोनकडे आपोआप धाडलें जाई. पोस्टमननें दारीं येऊन हांक मारावी, तसें. शिवाय मजकूर आवळून लहान केलेला व सांकेतिक लिपींत गुंडाळलेला असल्यामुळें तो थोडक्या खर्चांत जाई आणि वाटेंत कोणास वाचतां येत नसे. बँका, वकील, सरकारी खातीं यांनीं तें यंत्र उचललें तें याचमुळें. भारतांत तें २००४ सालीं आलें. आणि २०१० सालीं तर हीं सांकेतिक पत्रें आपणांस वाचतां आलीं पाहिजेत म्हणून भारत सरकार व ती कंपनी यांच्यांत मोठा वाद माजला होता.

येथें एक गोष्ट सांगून ठेवितों, कारण ‘कामाचा’ म्हटला कीं तो फोन निर्दोषच, असें पुष्कळ पालकांस वाटतें. ब्लॅकबेरीवर नवें पत्र आलें म्हणजे एक तांबडा दिवा लुकलुकत असे. तो दिसला कीं जेवणाच्या ताटावरून, सभेंतून, अंथरुणांतून माणसाचा हात यंत्राकडे जाई. अमेरिकेंत लोक त्याला ‘क्रॅकबेरी’ म्हणूं लागले. ‘क्रॅक’ हें तिकडे कोकेनच्या एका भयंकर प्रकाराचें नांव आहे. एका अमेरिकन शब्दकोशाच्या संपादकांनीं २००६ चा विशेष शब्द म्हणून हाच शब्द निवडला. तेव्हां यंत्राचा नाद लागावयास गाणीं आणि चित्रपटच लागतात असें नव्हे. कचेरींतील पत्रेंहि तें काम उत्तम करितात.

आतां फळीवरील त्या दोन फोनकडे वळूं. तुलनेसाठीं आम्ही फिनलंडच्या नोकिया कंपनीचीं दोन यंत्रें घेतों, कारण तीं एकाच घरचीं, एकाच सालचीं भावंडें होतीं. पहिलें ‘ई७१’, तें जून २००८ मध्यें जाहीर झालें. दुसरें ‘५८०० एक्सप्रेसम्यूझिक’; तें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत. दोहोंच्या पोटांत सिंबियन हीच संचालनप्रणाली. दोहोंतील कॅमेरे ३.२ मेगापिक्सेलचे. म्हणजे बुद्धि सारखीच; फरक होता तो अंगलटीचा व वळणाचा.

ई७१ ला पोलादी पाठ होती, व जाडी अवघी १० मिलिमीटर. पुढल्या बाजूचा निम्मा भाग टाइपरायटरप्रमाणें मांडलेल्या बटणांनीं व्यापलेला. त्यामुळें पडदा २.३६ इंचांचा, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या तिकिटापेक्षां फारसा मोठा नव्हे. पत्रें, दिनदर्शिका व नांवांची यादी यांस स्वतंत्र बटणें होतीं. एकदां दाबलें कीं तें तें पान उघडे. कान-फोन लावण्याचें भोंक २.५ मिलिमीटरचें, म्हणजे बाजारांतील साधा कान-फोन त्यांत जातच नसे. गाणीं ऐकावयाचींच असतील तर ऐका, पण तुमच्यासाठीं आम्ही वाट रुंद करणार नाहीं, असेंच जणूं बनविणाऱ्यांनीं सुचविलें होतें.

५८०० चें सारें याच्या उलट. त्यास अक्षरांचीं बटणें नाहींत, पुढें ३.२ इंचांचा स्पर्शपडदा, दोन ध्वनिवर्धक, ३.५ मिलिमीटरचें रुंद भोंक, आणि गाणीं साठविण्यासाठीं ८ गिगाबाइटचें कार्ड पेटींतच दिलेलें. सोबत सतार किंवा गिटार छेडावयाच्या नखीसारखी एक प्लास्टिकची नखी मिळे. तिनें पडदा टोंचावयाचा. मात्र या यंत्राची बॅटरी १३२० मिलिॲम्पिअर-तासांची व ई७१ ची १५०० ची. मोठा पडदा उजळावयास वीज अधिक लागते आणि सांठा तर कमी. तेव्हां संध्याकाळीं कोणाचा फोन आधीं मान टाकीत असेल, हें निराळें सांगावयास नको.

त्या वेळीं ज्यानें कामासाठीं ई७१ घेतला तो शहाणाच ठरला, असें आम्ही म्हणूं. कारण स्पर्शपडद्याची विद्या तेव्हां कामाच्या कसोटीस उतरलेली नव्हती. खुद्द ॲपल कंपनीचा आयफोन घ्या. तो २९ जून २००७ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आला, तेव्हां सर्व जगानें तोंडांत बोट घातलें. परंतु त्यांत एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणीं ठेवण्याची साधी सोय नव्हती! ती २००९ सालीं आली. आपल्याकडे आयफोन ऑगस्ट २००८ मध्यें आला तो ३१,००० रुपये किंमत घेऊन. दिवसाला पन्नास पत्रांस उत्तरें लिहिणाऱ्या माणसानें तो घेणें म्हणजे शेत नांगरावयास शर्यतीचा घोडा जुंपणें होतें.

मग हाच घोडा पुढें नांगरहि ओढूं लागला, तो कसा? याचें कारण कांचेंत आहे. आणि शास्त्राच्या तासाला शिकलेलें येथें उपयोगी पडतें.

५८०० चा पडदा दाबानें चालणारा होता. त्यांत वर एक लवचिक पातळ थर, खालीं एक कठीण थर, दोहोंच्या समोरासमोरील अंगांस विजेचें वहन करणारा पारदर्शक लेप, आणि मध्यें तिळाहूनहि पुष्कळ बारीक अशा ठिपक्यांनीं राखलेली फट. बोटानें, नखानें किंवा पेन्सिलीच्या टोंकानें वरचा थर दाबला कीं तो खालच्यास टेकतो, त्या बिंदूपाशीं विद्युन्मंडल पुरें होतें, आणि विजेचा दाब मोजून यंत्र तो बिंदु कोठें आहे हें ठरवितें. हा पडदा हातमोजा घातला असला तरी चालतो. पण प्रत्येक वेळीं दाबावें लागतें, थर वाढल्यामुळें उजेड कांहींसा मंदावतो, आणि दोन बोटें एकदम टेकलीं कीं त्याची मति गुंग होते.

आयफोनचा पडदा दाब ओळखीत नाहीं. तो आपल्या शरीराची विद्युत् धारण करण्याची शक्ति ओळखतो. कांचेखालीं पारदर्शक वाहकाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते व तीवर सूक्ष्म विद्युद्भार खेळत असतो. मनुष्याचें बोट विजेचें वाहक आहे. तें कांचेस नुसतें लागलें कीं त्या ठिकाणच्या भारांत किंचित् फरक पडतो, आणि तो फरक यंत्र टिपतें. जाळीच्या अनेक छेदांवर एकाच वेळीं मोजमाप चालत असल्यामुळें दोन-तीन बोटेंहि निरनिराळीं ओळखूं येतात. दोन बोटांनीं चित्र मोठें-लहान करणें शक्य झालें तें यामुळें. ही कल्पना १९६५ सालींच इंग्लंडांत मॉल्व्हर्न येथील सरकारी रडार-संशोधनसंस्थेंतील ई. ए. जॉन्सन यांनीं मांडिली होती, आणि ती विमानवाहतुकीच्या नियंत्रणासाठीं, म्हणजे अगदीं कामासाठीं! कोंकणांत पावसाळ्यांत भिजत एस. टी. ची वाट पाहतांना फोन वेड्यासारखा वागूं लागतो, त्याचेंहि कारण हेंच. पाणीहि वीज वाहून नेतें; त्यामुळें थेंब कोणता आणि बोट कोणतें, याचा त्या बिचाऱ्या जाळीस भ्रम पडतो.

पण दाबाचा पडदा असो वा भाराचा, खरी गोम ही कीं कांचेवरील बटण हें बटण नसून बटणाचें चित्र असतें. चित्र पुसतां येतें व दुसरें काढतां येतें. ब्लॅकबेरीवर एकदां साच्यांत ओतलेलीं बटणें हिशेब करतांनाहि तींच, नकाशा पाहतांनाहि तींच, व चित्रपट पाहतांनाहि अर्धी जागा अडवून बसलेलीं. उलट कांच घटकेंत गणकयंत्र होते, घटकेंत नकाशा, घटकेंत पुस्तकाचें पान. जुलै २००८ मध्यें ॲपलनें बाहेरच्या लोकांनीं लिहिलेल्या कार्यक्रमांचें, म्हणजे ज्यांस आपण ‘ॲप’ म्हणतों त्यांचें, दुकान ५०० ॲप घेऊन उघडलें. आणि तेथून पुढें कांच काय काय होऊं शकते याला सीमाच राहिली नाहीं.

मराठी माणसाच्या दृष्टीनें तर ही गोष्ट फारच महत्त्वाची झाली, आणि तिचा म्हणावा तितका उच्चार कोणी करीत नाहीं. इंग्रजीस सव्वीस बटणें पुरतात. त्यांची मांडणी १८७४ पासून विकल्या जाऊं लागलेल्या रेमिंग्टनच्या टाइपरायटरांपासून चालत आलेली आहे. देवनागरीचें तसें नाहीं. स्वर, व्यंजनें, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरें! पूर्वीं छापखान्यांत मराठीसाठीं शेंकडों खिळ्यांच्या पेट्या मांडाव्या लागत, आणि खिळे जुळविणाऱ्याचे हात त्यांवरून कोळ्यासारखे फिरत. ई७१ सारख्या फोनवर रोमन अक्षरें कोरलेलीं, तेव्हां आईला पत्र लिहावयाचें तरी आमची पोरें रोमन लिपींत मराठी लिहीत, आणि नेमकें काय लिहिलें आहे हें वाचणारानें संदर्भावरून ताडावें. कांचेनें ही अडचण दूर केली. बोटाचा एक स्पर्श केला कीं सारा फलक देवनागरी होतो. ‘क’ दाबला कीं त्याची बाराखडी पुढें उभी राहते. ज्याला आपण खेळणें म्हटलें, त्यानेंच मायबोलींत लिहावयाची सोय केली. मराठी पालकानें कांचेवर रुसतांना हें विसरूं नये.

सारांश, स्पर्धा संपली. नोकियाचा फोनचा धंदा एप्रिल २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्टकडे गेला. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथें २००६ सालीं सुरू झालेला तिचा प्रचंड कारखाना त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बंद पडला व हजारों हात रिकामे झाले. ब्लॅकबेरीनें २०१६ सालीं स्वतः फोन बनविणें सोडून दिलें, आणि ४ जानेवारी २०२२ रोजीं तिच्या जुन्या यंत्रांस लागणारी मध्यवर्ती सेवाहि थांबविली. ज्यांच्या आंगठ्यांस बटणांची चटक आहे, त्यांच्यासाठीं आतां आयफोनलाच खालून जोडावयाचा बटणांचा एक फलक २०२४ पासून मिळतो. हौसेला मोल नाहीं!

परंतु काम व करमणूक एका कांचेमागें आलीं, तेव्हां त्या दोहोंमधली भिंत गेली. २००८ सालीं ती भिंत दुकानदार बांधून देत असे. ई७१ विकत घेतला कीं निवड झाली. आतां तीच निवड यंत्राच्या आंत, आणि रोज, करावी लागते. गणिताचा धडा पाहावयास म्हणून मुलगा कांच उघडतो. त्याच कांचेवर, त्याच आंगठ्याखालीं, ज्यांची मिळकतच पाहणाऱ्याच्या वेळावर अवलंबून आहे असे कार्यक्रम वाट पाहत असतात. त्यांस शेवटचें पान नसतें. पुस्तक संपतें, नाटकाचा पडदा पडतो. ही चित्रमाला मात्र आंगठा थकेपर्यंत खालून वर येतच राहते.

कित्येक पालक म्हणतील, मग कांच नकोच, बटणांचा साधा फोन बरा. दहावीपर्यंतच्या मुलास, शाळा सुटली, बस चुकली, एवढें कळविण्यापुरता तो खरोखरच बरा. आणि मार्च २०२२ पासून अशा साध्या फोनवरूनहि यूपीआयनें पैसे देतां येतात, त्यामुळें आजी-आजोबांसहि तो उणा पडत नाहीं. पण महाविद्यालयांत जाणाऱ्यास त्यावर भागवावयास सांगणें आतां अन्याय होईल. प्रवेशाचे अर्ज, गुणपत्रकें ठेवण्याचें डिजिलॉकर, वेळापत्रक, सारें कांचेवर येतें. बालभारतीच्या पुस्तकांतील चौकोनी ठिपक्यांची खूण कॅमेऱ्यानें टिपली कीं ‘दीक्षा’वरील धडा उघडतो. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां ज्या घरांत असा एकच फोन होता व शिकणारीं भावंडें तीन, त्या घरांत काय ओढाताण झाली, तें पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे.

तेव्हां घ्यावी कांच, आणि वळण द्यावें ई७१ चें. हें बोलणें आलंकारिक नव्हे. ई७१ मध्यें एक लहानशी सोय होती: एक कामाचें दर्शनी पान व एक घरचें, आणि एका खुणेनें एक जाऊन दुसरें येई. एकावर पत्रें व कामें; दुसऱ्यावर आपल्या आवडीच्या गोष्टी. आजच्या फोनांत ही सोय निराळ्या नांवांनीं पुन्हां आली आहे. अँड्रॉइडमध्यें ‘डिजिटल वेलबीइंग’ व आयफोनमध्यें ‘स्क्रीन टाइम’ हीं दोन्ही २०१८ सालचीं. त्यांत कोणता कार्यक्रम दिवसाला किती वेळ उघडावा हें ठरवून देतां येतें, आणि अभ्यासाच्या वेळीं घरचे चार क्रमांक सोडून बाकी सर्वांचा आवाज बंद ठेवतां येतो. फोन हातीं येतांच पहिल्या दिवशीं दर्शनी पानावर फक्त बोलणें, निरोप, नकाशा, शब्दकोश, दिनदर्शिका एवढेंच ठेवावें. करमणुकीचे कार्यक्रम आंतल्या पानावर न्यावे. ब्लॅकबेरीच्या तांबड्या दिव्याचा वंश म्हणजे आजच्या सूचना. अँड्रॉइडच्या २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत प्रत्येक नवा कार्यक्रम ‘सूचना पाठवूं काय?’ असें आधीं विचारतो. तेथें घाईनें ‘होय’वर बोट ठेवूं नये, बँक व शाळा यांस होकार, बाकीच्यांस नकार. हें सारें मुलाला जवळ बसवून, त्याच्याच हातून करून घ्यावें. चोरून लावलेलें कुलूप मुलें आपल्यापेक्षां लवकर उघडतात.

खरेदीविषयीं थोडें. कॅमेरे किती, हें मोजण्यापूर्वीं सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षें मिळणार, हें विचारावें. कांहीं महाग फोनांस २०२३-२४ पासून सात वर्षांचें आश्वासन मिळूं लागलें आहे. स्वस्त फोनांस तें पुष्कळ कमी असतें, आणि ती मुदत सरली कीं बँकेचे व्यवहार त्यावर करणें धोक्याचें होतें. बॅटरी ५००० मिलिॲम्पिअर-तासांची हल्लीं मध्यम किंमतींतहि मिळते. पाठ्यपुस्तकाचें पूर्ण पान पडद्यावर उघडून त्यांतील तळटीप डोळे न ताणतां वाचतां येते काय, हें दुकानांतच पाहून घ्यावें. गाणें लावून दाखविण्याचा उत्साह दुकानदारास असतोच. वापरलेला फोन घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तो चोरीचा नसावा. तारका, चौकट, शून्य, सहा, चौकट, एवढीं बटणें क्रमानें दाबलीं म्हणजे त्याचा पंधरा आंकडी क्रमांक दिसतो. ‘के-वाय-एम’ हीं तीन इंग्रजी अक्षरें व पुढें थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा निरोप १४४२२ ला पाठविला कीं तो फोन कोणत्या कंपनीचा व कोणता नमुना आहे आणि तो वापरण्यास योग्य आहे कीं नाहीं, याचें उत्तर सरकारी नोंदवहींतून येतें. उत्तर हातीं पडल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.